लंबकाचे मूळ सूत्र कोणते?

दोन वर्षांपूर्वी विज्ञान शिक्षकांच्या एका शिबिरात मी साध्या लंबकाचा प्रयोग घेत होतो. फळ्यावर नेहमीचे सूत्र लिहिले होते. या लेखापुरते आपण आवर्तकालाला 'क', लंबकाच्या लांबीला 'ल' आणि गुरुत्वत्वरणाला 'ग' म्हणू. म्हणजे सूत्र असे होईल :

क = २ × पाय × √(ल ÷ ग)

त्याच्या खाली, प्रयोगवहीत लागते ते रूप लिहिले होते :

ग = ४ × पाय² × ल ÷ क²

मागच्या बाकावरच्या एका बाईंनी हात वर केला. "सर, यातलं मूळ सूत्र कोणतं? मुलं विचारतात, दोन्ही पाठ करायची का म्हणून. आणि लांबी काढा म्हटलं की तिसरं पाठ करतात."

थोडा हशा झाला. मी ठरलेले उत्तर दिले : एक लक्षात ठेवा, बाकीची पक्षांतर करून मिळतात. उत्तर चूक नव्हते. पण परतीच्या एस.टी.त बसल्यावर माझ्या ध्यानात आले, की बाईंनी विचारलेल्या 'मूळ' या शब्दाला मी बगल दिली होती. बीजगणिताच्या दृष्टीने तिन्ही रूपे एकच आहेत, हे खरे. पण कोणी तरी, केव्हा तरी यातले एक रूप पहिल्यांदा वापरले असणार. त्या वेळी त्याला काय माहीत होते आणि काय शोधायचे होते? हा प्रश्न इतिहासाचा आहे, आणि त्याचे उत्तर मला वाटले होते त्याहून बरेच गमतीचे निघाले.

सुरुवात अर्थातच गॅलिलिओपासून करायला हवी. त्याचा 'दोन नव्या शास्त्रां'वरचा ग्रंथ १६३८ साली हॉलंडमधील लायडन येथे छापला गेला. लंबकाच्या दोलनांचे काल हे लांब्यांच्या वर्गमुळांच्या प्रमाणात असतात, असे त्यात सांगितले आहे. ते सांगून झाल्यावर संवादातील एक पात्र लगेच त्याचा उपयोग सुचवते. समजा, एखाद्या उंच छताला दोर टांगलेला आहे. त्याचे वरचे टोक आपल्याला दिसतही नाही. तरी त्याची लांबी काढता येईल. दोराच्या खालच्या टोकाला वजन बांधून त्याला झोका द्यायचा आणि एका मित्राला त्याची दोलने मोजायला सांगायचे. आपण शेजारी एक हात लांबीचा छोटा लंबक हलवून त्याची दोलने मोजायची. मोठ्या दोराची २० दोलने होईपर्यंत छोट्याची २४० झाली, तर २४० आणि २० यांचे वर्ग घ्यायचे : ५७,६०० आणि ४००. पहिल्याला दुसऱ्याने भागले की १४४. म्हणजे दोर १४४ हात लांब.

हे उदाहरण वर्गात जरूर सांगावे. यात 'ल' हा अज्ञात आहे आणि तो बिनचूक एकटा काढलेला आहे. पण यात 'ग' कुठेच नाही, पाय नाही, सेकंद नाहीत, घड्याळसुद्धा नाही. दोन लंबक एकाच जागी असल्यामुळे जे दोघांना समान ते सगळे गळून गेले आहे. गॅलिलिओला 'ग'ची किंमत माहीत नव्हती आणि या कामासाठी ती लागतही नव्हती.

गॅलिलिओ बीजगणिती समीकरण लिहीतच नाही. सगळे गुणोत्तरांत आणि भूमितीच्या आकृत्यांत मांडतो. याचे कारण युक्लिडच्या परंपरेत आहे. त्या परंपरेनुसार गुणोत्तर फक्त एकाच जातीच्या दोन राशींचे घेता येते. लांबीचे लांबीशी, कालाचे कालाशी. लांबीला कालाने भागणे हे त्या शिस्तीत बसत नव्हते. 'वेग म्हणजे अंतर भागिले काल' हे आपले सातवीतले वाक्य गॅलिलिओने असे लिहिले नसते. त्याने लिहिले असते की काल समान असताना वेगांचे गुणोत्तर अंतरांच्या गुणोत्तराइतके असते. आपल्याकडच्या अंकगणिताला ही अडचण कधी पडली नाही. 'लीलावती'तील त्रैराशिकात फळाला इच्छेने गुणतात आणि प्रमाणाने भागतात. पाच शेरांना वीस रुपये तर आठ शेरांना किती, हे काढताना आपण रुपयांना शेरांनी बेधडक गुणतो. (समीकरणाच्या बाजूला 'पक्ष' म्हणणे हेही भास्कराचार्यांच्या बीजगणितात आहे, आपल्या 'पक्षांतरा'तला पक्ष तोच.) पण त्रैराशिकाची पद्धत निसर्गनियम मांडण्यासाठी कोणी वापरली नाही, आणि युरोपात जे नियम मांडत होते ते युक्लिडची शिस्त पाळत होते. योगायोग असा, की अज्ञातासाठी अक्षरे वापरून समीकरणे लिहिण्याची आपली आजची पद्धत ज्यातून रूढ झाली तो देकार्तचा भूमितीवरील ग्रंथ १६३७ साली, म्हणजे गॅलिलिओच्या ग्रंथाच्या आदल्याच वर्षी, त्याच लायडन गावात छापला गेला होता. दोन्ही गोष्टी एकत्र यायला मात्र पुढे बराच काळ जावा लागला.

आता 'ग'कडे वळू. सतराव्या शतकात 'ग' हे अक्षर नव्हते; प्रश्न असा विचारला जाई की सोडलेली वस्तू पहिल्या सेकंदात किती अंतर पडते? (आपल्या भाषेत हे अंतर 'ग'च्या निम्मे.) फ्रान्समधील मेर्सेन या धर्मगुरूने ते प्रत्यक्ष मोजून पाहिले. त्याचे उत्तर आले १२ पॅरिस फूट. खरे उत्तर १५ फुटांच्या किंचित वर आहे. मेर्सेन काही निष्काळजी माणूस नव्हता. पण एक सेकंद म्हणजे नेमका किती वेळ, हे ठरवायला त्याच्याजवळ लंबकाशिवाय दुसरे साधन नव्हते, आणि पडण्याचा सगळा खेळ एका सेकंदात संपतो. वस्तू केव्हा सोडली आणि केव्हा आदळली हे डोळ्यांनी आणि कानांनी ठरवायचे. त्यात सेकंदाच्या दहाव्या भागाची चूक झाली तरी अंतर कालाच्या वर्गाने बदलत असल्यामुळे उत्तरात एकपंचमांश फरक पडतो.

सेकंद तरी नेमका मिळवावा म्हणून इटलीत रिचिओली याने केलेला खटाटोप ऐकण्यासारखा आहे. त्याला दर सेकंदाला एक झोका घेणारा लंबक हवा होता. १६४२ साली त्याने नऊ जेझुइट धर्मगुरूंना पाळीपाळीने बसवून एका लंबकाचे झोके पूर्ण चोवीस तास मोजून घेतले. व्हायला हवे होते ८६,४००, झाले ८७,९९८. त्या नऊ जणांना त्या रात्री काय वाटले असेल, याची कल्पना परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांना नक्की येईल.

हा गुंता सोडवला क्रिस्तिआन हायगेन्स याने. लंबकाचे घड्याळ बनवले ते यानेच, १६५६ साली. १६५९ मध्ये त्याने पडण्याचा प्रश्न हाती घेतला, आणि त्याचे सर्व काम १६७३ साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झालेल्या दोलन-घड्याळावरील ग्रंथात आले. बाईंच्या प्रश्नाचे उत्तर या ग्रंथात आहे. लंबकाचा नियम, स्थिरांकासकट, पहिल्यांदा पूर्ण स्वरूपात इथे मिळतो आणि तो सूत्र नाही, वाक्य आहे. आपल्या शब्दांत ते असे : छोट्या झोक्याचा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जाण्याचा काल आणि लंबकाच्या निम्म्या लांबीइतके अंतर सरळ खाली पडण्याचा काल, यांचे गुणोत्तर वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांच्या गुणोत्तराइतके असते.

कालाचे कालाशी गुणोत्तर. परिघाचे व्यासाशी गुणोत्तर. युक्लिडची शिस्त तंतोतंत पाळलेली आहे. यात डावीकडे कोण, उजवीकडे कोण, असा प्रश्नच नाही. 'क', 'ल', 'ग' यांपैकी कोणीही एकटे उभे नाही. मूळ सूत्र कोणते, याचे उत्तर असे की फळ्यावरच्या दोन्हींपैकी एकही नाही. वर्गमूळ आणि अक्षरे असलेले रूप अठराव्या शतकात, ऑयलरसारख्यांनी यामिकी बीजगणिताच्या भाषेत आणली तेव्हा घडत गेले.

या वाक्यातून हायगेन्सने पहिल्या सेकंदातले पडण्याचे अंतर कसे काढले ते पाहू. गणित पाचव्या पायरीच्या पुढे जात नाही, पण अज्ञात वेगळा काढणे म्हणजे काय हे त्यात स्वच्छ दिसते. त्याने घेतला सेकंद लंबक, म्हणजे एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जायला एक सेकंद घेणारा. (आपल्या व्याख्येने याचा आवर्तकाल दोन सेकंद. इथे विद्यार्थी हमखास घसरतात. बहुतेक वेळा आपणही.) पॅरिसमध्ये त्याची लांबी ३ फूट ८½ लाइन होती. पॅरिस फुटाचे १२ इंच आणि इंचाच्या १२ लाइन, म्हणजे एकूण ४४०.५ लाइन. निम्मी लांबी २२०.२५ लाइन. झोक्याचा काल एक सेकंद, म्हणून एवढे अंतर पडायला लागणारा काल सेकंद भागिले पाय. पडण्याचे अंतर कालाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणून पूर्ण एका सेकंदात त्याच्या पाय-वर्गपट, म्हणजे सुमारे २,१७४ लाइन. फुटांत सांगायचे तर १५ फूट १ इंच. त्याची दुप्पट करून मीटरमध्ये आणली की ९.८१ येते.

मेर्सेनचे १२ आणि हायगेन्सचे १५ फूट १ इंच यांतला फरक काही अधिक चांगल्या डोळ्यांचा नव्हता. हायगेन्सने काहीही पाडले नाही. मोजायला कठीण असलेली राशी त्याने मोजायला सोप्या दोन राशींच्या हवाली केली. लंबकाची लांबी शांतपणे, पुन्हा पुन्हा मोजता येते. काल तर हजारो झोके मोजून घेता येतो, आणि सुरुवात-शेवटाची चूक त्या हजारोंत वाटली जाते. माझ्या मते विद्यार्थ्यांना सूत्र उलटवायला सांगताना हे सांगितले पाहिजे, आणि नेमके हेच आपण सांगत नाही. 'ग' डावीकडे आणायचा, कारण 'ग' सरळ मोजता येत नाही आणि 'ल' व 'क' येतात. त्रिकोण काढून त्यात तीन अक्षरे लिहायची आणि हवे ते बोटाने झाकायचे, ही युक्ती ओहमच्या नियमाला चालते. पण झाकलेले अक्षर झाकण्यामागे काही कारण असते, हे त्या बोटाखाली कायमचे झाकले जाते. लंबकाच्या सूत्राला तर ती युक्ती चालतही नाही.

हायगेन्स इथेच थांबला नाही. त्याच ग्रंथात त्याने हेच नाते दुसऱ्या दिशेने वळवले. त्या काळी युरोपात गावागणिक फूट वेगळा होता. हायगेन्स म्हणाला, सेकंद आकाशातल्या ताऱ्यांवरून कुठेही ठरवता येतो. मग सेकंद लंबक तयार करा आणि त्याच्या लांबीचा तिसरा हिस्सा हाच सर्व जगाचा फूट माना. हा फूट आणि पॅरिस फूट यांचे गुणोत्तर त्याने ८८१ : ८६४ असे दिले. आता 'क' ठरलेला, 'ग' सगळीकडे सारखा, आणि 'ल' अज्ञात. तिसरे रूप.

यात 'ग सगळीकडे सारखा' हे गृहीतक आहे. ते चूक आहे याचा पुरावा ग्रंथ छापला जात होता त्याच सुमारास अटलांटिकपलीकडे जमा होत होता. झां रिशे याला फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने १६७२ साली मंगळाच्या वेधांसाठी दक्षिण अमेरिकेत, विषुववृत्तापासून पाच अंशांवर असलेल्या केयेन येथे पाठवले होते. सेकंद लंबकाची लांबी मोजणे हे त्याच्या कामांपैकी एक. पॅरिसपेक्षा तिथे तो लंबक सव्वा लाइन आखूड करावा लागतो, असे त्याला आढळले. सव्वा लाइन म्हणजे पावणेतीन-तीन मिलिमीटर. रिशेने दहा महिने, दर आठवड्याला, हे मापन पुन्हा पुन्हा केले. कारण एवढ्याशा फरकावर कोणी विश्वास ठेवणार नाही, हे त्याला ठाऊक असावे. लंबक आखूड न करता तसाच ठेवला असता तर घड्याळ दिवसाला सुमारे दोन मिनिटे मागे पडले असते. हे गणित विद्यार्थ्यांकडून करून घेण्यासारखे आहे : लांबीतला सापेक्ष फरक काढा, वर्गमुळामुळे तो निम्मा करा आणि ८६,४०० ने गुणा.

पुढचा भाग बहुतेकांना माहीत असतो म्हणून थोडक्यात सांगतो. न्यूटनने १६८७ साली रिशेचे मापन हाती घेऊन पृथ्वी ध्रुवांशी चपटी आहे असे मांडले आणि चपटेपणा १/२३० असावा असे काढले. हायगेन्सने १६९० मध्ये १/५७८ असे उत्तर दिले. आजची किंमत १/२९८ आहे, म्हणजे सत्य दोघांच्या मध्ये होते. ज्या लंबकातून 'ग' काढायचा त्याच लंबकातून पृथ्वीचा आकार निघू लागला.

पण हायगेन्सच्या लांबीच्या मापाची कल्पना मात्र मेली नाही. 'ग' जागेनुसार बदलतो ना, मग जागा ठरवून टाकू, असे लोक म्हणू लागले. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर १७९० साली तालेराँ याने ४५ अंश अक्षांशावरचा सेकंद लंबक हे लांबीचे एकक करावे असा प्रस्ताव राष्ट्रीय सभेपुढे ठेवला. पण लाग्रांज, लाप्लास, बोर्दा आदींच्या समितीने मार्च १७९१ मध्ये तो नाकारला आणि ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग पसंत केला. लंबकाविरुद्धचा एक आक्षेप असा होता, की लांबीच्या एककात काल ही परकी राशी येते आणि दिवसाचे ८६,४०० भाग करणे हा तर नुसता संकेत आहे. अशा रीतीने मीटर आला; तो ४४३.२९६ लाइनचा ठरला. पॅरिसमधील सेकंद लंबकाची लांबी बोर्दा आणि कासिनी यांनी ४४०.५५९३ लाइन अशी मोजली होती. दोहोंत तीन लाइनचाही फरक नाही. 'ग' आणि पायचा वर्ग जवळजवळ सारखे (९.८१ आणि ९.८७) का, असे एखादा चौकस विद्यार्थी विचारतो. त्याचे कारण हे आहे. सेकंद लंबक नेमका एक मीटर असता, तर 'ग' नेमका पाय-वर्ग आला असता.

इंग्लंडने मात्र लंबकाचा मार्ग धरला, आणि ती कथा मला या सगळ्यात सर्वांत बोधक वाटते. तिचा नायक हेन्री केटर. हा लष्करी अधिकारी तरुणपणी भारतात होता आणि लॅम्बटनच्या हाताखाली त्रिकोणमितीय सर्वेक्षणात काम करून, प्रकृती बिघडवून घेऊन मायदेशी परतला होता. त्याच्यापुढची अडचण प्रत्येक प्रयोगशाळेत येते : लांबी मोजायची कुठपासून कुठपर्यंत? सूत्रातला लंबक म्हणजे वजनरहित दोरा आणि एक बिंदू. खरा लंबक म्हणजे दांडा, गोळा, धार. हायगेन्सने दाखवले होते, की खऱ्या लंबकातही आधारबिंदू आणि दोलनकेंद्र अशा दोन जागा असतात आणि लंबक उलटा करून दोलनकेंद्रावर टांगला तरी आवर्तकाल तोच राहतो. केटरने या गुणधर्माचा उपयोग केला. दांड्याला दोन धारा बसवल्या, दोन्ही बाजूंनी टांगून आवर्तकाल जुळेपर्यंत वजने सरकवली, आणि मग दोन धारांमधले अंतर सूक्ष्मदर्शकाखाली मोजले. तेच 'ल'. त्याने लंडनमधील सेकंद लंबकाची लांबी प्रसिद्ध केली : ३९.१३९२९ इंच. दशांशचिन्हापुढे पाच अंक!

ब्रिटिश पार्लमेंट या अंकांवर इतके खूश झाले की १८२४ च्या कायद्यात तसे कलमच घातले. प्रमाण यार्डाची पट्टी कधी हरवली किंवा नष्ट झाली, तर लंडनमधील सेकंद लंबक ३९.१३९३ इंच असतो हे धरून ती पुन्हा बनवावी. सूत्राचे पक्षांतर कायद्याच्या पुस्तकात गेल्याचे दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

१६ ऑक्टोबर १८३४ रोजी पार्लमेंटची इमारत जळाली, आणि तिच्याबरोबर प्रमाण यार्डही.

आता कायद्याप्रमाणे लंबक टांगायचा, झोके मोजायचे आणि यार्ड परत मिळवायचा. १८३८ मध्ये खगोलशास्त्रज्ञ एअरी याच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने १८४१ साली अहवाल दिला, की लंबकाचा मार्ग वापरू नये. कारण मधल्या काळात केटरच्या दुरुस्त्या एकामागून एक संशयास्पद ठरल्या होत्या. सर्वांत मोठी चूक हवेची होती. हवेमुळे लंबकाचे वजन थोडे कमी भरते एवढे केटरने धरले होते. बेसेलने १८२८ साली दाखवले, की हलणारा लंबक आपल्याबरोबर थोडी हवाही ओढत नेतो आणि तिचे जडत्व हिशेबात घ्यावे लागते. समुद्रसपाटीसाठी केलेली दुरुस्तीही वादात सापडली होती. पाच दशांशांपैकी शेवटचे काही अंक डळमळीत झाले. समितीने सुचवले, की जळालेल्या पट्टीशी पूर्वी ताडून पाहिलेल्या ज्या प्रती उरल्या आहेत त्यांवरून नवी पट्टी करावी. तशी ती केली गेली आणि १८५५ मध्ये तिला कायद्याची मान्यता मिळाली.

बीजगणितात काहीही बिघडलेले नव्हते. 'ल' डावीकडे आणण्यात कोणाची चूक झाली नव्हती. पण समीकरणाचे दोन पक्ष कागदावर जितके सारखे असतात तितके टेबलावर नसतात. एका धातूच्या पट्टीची नक्कल करण्यात होणारी चूक ही लंबकावरून लांबी काढण्यातल्या चुकीपेक्षा लहान होती, म्हणून पट्टी जिंकली. १६५९ मध्ये हायगेन्सला लंबकाने तारले होते, कारण तेव्हा स्पर्धा होती पडत्या दगडाशी.

केटरची आणखी एक युक्ती भारताच्या कामी आली. 'ग'ची खरी किंमत नको, फक्त दोन ठिकाणच्या 'ग'चे गुणोत्तर हवे, तर लांबी मोजायची गरजच काय? एकच, न बदलणारा लंबक दोन्हीकडे न्यायचा. मग

दुसऱ्या ठिकाणचा ग ÷ पहिल्या ठिकाणचा ग = (पहिल्या ठिकाणचा क ÷ दुसऱ्या ठिकाणचा क)²

'ल' गेला, पाय गेला, आणि आपण पुन्हा गॅलिलिओच्या दोरापाशी आलो. या प्रकारच्या लंबकाने गोल्डिंगहॅमने १८२१ साली मद्रासच्या वेधशाळेत निरीक्षणे केली. पुढे १८६५ पासून कॅप्टन बॅसेव्ही याने भारतीय त्रिकोणमितीय सर्वेक्षणासाठी देशभर लंबक फिरवले. हिमालयाचे एवढे वस्तुमान जवळ असताना गुरुत्व वाढायला हवे, पण ते अपेक्षेपेक्षा कमी भरत होते. पर्वतांच्या खाली हलक्या खडकांची मुळे असावीत, या एअरीने १८५५ मध्ये मांडलेल्या विचाराला त्यामुळे बळ मिळाले. बॅसेव्ही लडाखमधील मोरे पठारावरची निरीक्षणे घेऊन आणखी पुढे गेला आणि १७ जुलै १८७१ रोजी तिकडच्याच उंचीवर, थंडीत, वारला.

आज 'ग' मोजणारी सर्वांत अचूक उपकरणे लंबक वापरत नाहीत. निर्वात नळीत एक आरसा पाडतात आणि त्याचे पडणे लेसर व आण्विक घड्याळ यांच्या साह्याने मोजतात. म्हणजे मेर्सेनचाच प्रयोग, फक्त कानाऐवजी लेसर. काल मोजणे इतके सोपे झाले, की लंबकाचा आडमार्ग घेण्याचे कारण उरले नाही. १९८३ पासून मीटरसुद्धा कालावरूनच ठरतो, प्रकाशाच्या वेगामार्फत. १७९१ च्या समितीला जी परकी राशी नको होती ती शेवटी घरात आली.

या सगळ्याचा मी शोध घेतला तो शिबिर संपल्यावर, हे वर सांगितलेच. पुढच्या वर्षी त्याच शिबिराला बोलावणे आले तेव्हा मी सूत्र फळ्यावर लिहिलेच नाही. जिन्याच्या मोकळ्या चौकात वरच्या मजल्याच्या कठड्याला एक दोर बांधला आणि खाली दगड भरलेली लहान बादली टांगली. शेजारी बरोबर एक मीटरचा लंबक. मूळ सूत्र विचारणाऱ्या बाई यंदाही आल्या होत्या. त्यांच्याकडे बादली दिली आणि दुसऱ्या एका सरांकडे छोटा लंबक.

बादलीची १० दोलने झाली तेव्हा छोट्याची सव्वीस पूर्ण होऊन सत्ताविसावे चालू होते. सव्वीस धरली तर दोर ६ मीटर ७६ सेंटिमीटर, सत्तावीस धरली तर ७ मीटर २९. अर्ध्या मीटरहून जास्त फरक. यावर बाईच म्हणाल्या, "मग दहाच कशाला मोजायची?" ५० मोजली. छोट्याची १३१ आणि १३२ यांच्या मध्ये आली. म्हणजे ६ मीटर ८६ आणि ६ मीटर ९७ यांच्या मध्ये. मग टेप लावला. कठड्यापासून बादलीच्या कडीपर्यंत एक उत्तर, तळापर्यंत दुसरे. कोणी म्हणाले कडीपर्यंतच धरा, दोर तिथे संपतो. कोणी म्हणाले दगडांच्या मध्यापर्यंत धरा. दगडांचा मध्य नेमका कुठे, यावर वाद चालू असताना चहा आला, आणि चहा घेऊन मंडळी पुन्हा बादलीभोवती जमली.